मदत हवी आहे: शाळा तोंडावर आलीय आणि मुलगा ऐकत नाही

मुलगा यंदा दुसरीत. अख्खा मे महिना आजोळी गुहागरला होता. रात्री उशिरापर्यंत पत्ते, सकाळी उन्हं वर येईपर्यंत झोप, मधल्या वेळात आंबे नाहीतर समुद्र. आता पुण्यात परतलोय, १६ जूनला शाळा, आणि दप्तराचं नाव काढलं की याच्या पोटात दुखतं.

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं शासनाने २०२४ मध्ये सांगितलं. आमची शाळा मात्र अजूनही साडेसातचीच. (विदर्भातल्यांचा हेवा वाटतो, त्यांची सुट्टी आणखी थोडी शिल्लक असते.) झोपेची वेळ रोज पंधरा मिनिटं अलीकडे आणतेय, ते जमेल. वह्यांना कव्हरं घालायलाही तो हौसेने बसला.

खरी गोम अशी की तुकड्या बदलल्यात आणि त्याचा जिगरी दोस्त दुसऱ्या वर्गात गेलाय. तुकडी बदलून मागावी का? की नव्या वर्गातल्या एकदोघांना आधीच घरी खेळायला बोलवावं? त्यांच्या आयांशी माझी ओळख नाही, म्हणून संकोच वाटतो. कुणी असं केलंय का? पोटदुखीकडे दुर्लक्ष करावं की डॉक्टरांना दाखवावं, तेही सांगा. सासूबाई म्हणतात सायकलचं आमिष दाखव. ते सोडून काहीही सुचवा.