जुन्या शर्टाचा टॉप करायला गेले, आता बटणंच लागत नाहीत

अर्धीबाही:
भावाचा जुना सुती शर्ट होता, निळ्या उभ्या रेघांचा. कॉलर विरलेली, बाकी कापड ठणठणीत. म्हटलं, बिनबाह्यांचा टॉप करू. माझा सगळ्यात चांगला बसणारा टीशर्ट त्यावर पसरला, खडूने कडेकडेने आखलं आणि कापलं. दोन्ही बाजूंना साधारण साडेसात सेंमी कापड गेलं. बाह्या मुंढ्यापासून काढल्या. मग मशीनवर दोन्ही कुशींना टीप मारली.

घालून बघितला तर छातीवरची दोन बटणं लागतच नाहीत, आणि काखेत काचतंय. टीशर्ट सपाट ठेवून 43 सेंमी भरतो, माझी छाती 86. म्हणजे हिशोब बरोबर होता ना? शिवाय खिसा उसवला, तर त्याखाली गडद निळा चौकोन निघाला. टाकून द्यावा का?

उसवाउसवी:
टाकू नकोस. आधी सांग, कुशीतून कापलेल्या त्या पट्ट्या कुठे आहेत? कचऱ्यात असतील तर आत्ता ऊठ आणि काढ.

हिशोब दोन ठिकाणी चुकला. एक म्हणजे माया, म्हणजे शिवणीसाठीचं जादा कापड, सोडली नाहीस. 43 वर कापून दोन्हीकडे एकेक सेंमी आत टीप मारलीस, म्हणजे उरले 41, गोल धरले तर 82. दुसरी चूक मोठी. टीशर्ट होजिअरीचा, तो अंगाबरोबर ताणतो, म्हणून अंगाच्या मापाचा असला तरी चालतो. शर्टाचं कापड सुताच्या दिशेने ताणत नाही. त्याला श्वास घ्यायला, हात हलवायला छातीवर सात-आठ सेंमी तरी सैल लागतं. ताणणाऱ्या कपड्यावरून न ताणणारा कपडा बेतायचा नाही. मी हे तीन शर्ट वाया घालवून शिकले आहे, तुझा पहिलाच आहे.

आता त्या पट्ट्या. पुढचं आणि मागचं कापड तू एकत्रच कापलंस, म्हणजे शर्टाची मूळ कुशीची शिवण पट्टीत शाबूत आहे. पट्टी उलगड. पंधरा सेंमी रुंद तुकडा मिळेल, मधोमध ती चपटी शिवण, आणि रेघाही उभ्याच. शिवण मध्यावर धरून आठ सेंमी रुंद ठेव, बाकी काप. तुझ्या टिपा उसव आणि हा तुकडा पुढच्या-मागच्या भागाच्या मधे बसव, दोन्हीकडे एकेक सेंमी माया धरून. प्रत्येक कुशीत सहा सेंमी वाढतील. 82 चे 94 झाले, बघ.

वरचं टोक काखेत येईल तिथे सव्वा सेंमी खोलगट काप, म्हणजे काचणार नाही. पण आधी कच्चा टाका घालून अंगात घालून बघ. हात वर कर, पुढे वाक, खुर्चीत बस. मगच मशीन. मुंढ्याला बाहीच्या कापडातून उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी काढून लाव. सरळ पट्टी वळणावर चुण्या पाडते.

दोनटाके:
एवढं कशाला? बटणं उघडी ठेवायची, आत बनियन घालायचं, झालं जाकीट. मी असंच करते. खरंतर मला काज कधीच जमले नाहीत.

उसवाउसवी:
जाकिटालाही काखेत काचलेलं चालत नाही हो.

रंगारी:
त्या चौकोनाबद्दल: तो डाग नाही. खिशाखालचं कापड उन्हापासून आणि घासण्यापासून वाचलंय, म्हणून मूळ रंग टिकलाय. धुऊन जाणार नाही. अख्खा शर्ट रंगवायचा विचार असेल तर एक सांगतो, सुतावर चढणारा रंग पॉलिस्टरवर चढत नाही, आणि तयार शर्टांचा दोरा पुष्कळदा पॉलिस्टरचाच असतो. शर्ट गडद होतो आणि सगळ्या टिपा फिक्या उठून दिसतात. मी एकदा पांढरा शर्ट काळा केला, तो घातला की शाळेच्या चित्रकलेच्या वहीतली बाह्यरेषा चालत येतेय असं वाटायचं.

त्यापेक्षा बाहीच्या कापडातून चौकोनापेक्षा बोटभर मोठा खिसा करून लावा. जुन्या सुईच्या भोकांवर ओलसर फडका ठेवून इस्त्री करा, मग नखाने हलकेच घासा. सुती असल्यामुळे बरीचशी भरून येतील.

अर्धीबाही:
पट्ट्या सापडल्या! कचऱ्यात नव्हत्या, मशीन पुसायला घेतल्या होत्या. एकीला तेल लागलं होतं, साबणाने गेलं. उसवाउसवीताई, बटणं लागतात, हातही वर जातो. खिसा मोठा लावला, जरा तिरका आलाय. आणि डावीकडची पट्टी उलटी बसली, दाबटीप आत गेली. ते उसवून झाल्यावर कळलं की उजवीकडचीच उलटी होती. आता दोन्ही उलट्या आहेत. जुळतात तरी.