फ्रेंडशिप पीकला कॅमेरा न्यायचाय, काय काय नेऊ?

सह्यवेडा_नाशिक:
मंडळी, जूनमध्ये मनालीजवळच्या फ्रेंडशिप पीकला (५२८९ मी.) जातोय. आत्तापर्यंत आपली धाव साल्हेर-कळसूबाईपर्यंतच, बर्फात कधी कॅमेरा काढलेला नाही. मिररलेस कॅमेरा आणि तीन लेन्स आहेत, वजन बघून घरचे म्हणतायत मोबाईल पुरे. काय नेऊ, काय ठेवू?

गंगापूररोडकर:
एकच लेन्स ने, २४-१०५ मिमी झूमसारखी. वर ग्लोव्हज घालून लेन्स बदलणं जमत नाही रे, मी पहिल्या वेळी तीन नेल्या नि दोन बॅगेतून बाहेरच आल्या नाहीत, फुकटची हमाली. बॅटऱ्या मात्र जास्तीच्या ने आणि रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोप, थंडीत फुल चार्ज बॅटरीपण मान टाकते, खिशात ऊब मिळाली की जरा जिवंत होते.

पहाटफोटो:
एक्स्पोजर!! बर्फ दिसला की कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर गंडतो, सगळं राखाडी करून टाकतो. एक्स्पोजर मुद्दाम +१ ते +१.५ वाढवून दे नि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघ, उन्हात स्क्रीनवर भरवसा नको. रॉमध्येच (कच्च्या फाईलमध्ये) काढ. तंबूत शिरायच्या आधी कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद कर, नाहीतर आतल्या उबेत काचेवर दव धरतं.

सह्यवेडा_नाशिक:
भारी! पोलरायझर (चकाकी कमी करून आकाश गडद करणारा फिल्टर) घेऊ का?

गंगापूररोडकर:
वाईड अँगलला नको, आकाश अर्धं गडद अर्धं फिकं येतं. आणि दोराला बांधलेला असताना फोटोसाठी मध्येच थांबू नको, मागचे अडकतात. आधी गाईडला आवाज दे.