डेट्रॉईट कुणी बुडवलं? युनियननं की साहेबांनी?

नोव्हीकर
परवा जेवताना एका मित्रानं तेच पालुपद लावलं, "युनियननं खाल्लं रे डेट्रॉईट." म्हणजे अमेरिकेचा मोटारधंदा कामगार संघटनेनं बुडवला. मिशिगनात वीस वर्षं काढूनही मला हे पटत नाही.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं उदाहरण घ्या. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना म्हणजे दांड्या, दारू आणि भांडणं. 1982 साली टाळं लागलं. 1984 मध्ये टोयोटाच्या भागीदारीत तोच कारखाना 'नम्मी' या नावानं सुरू झाला. कामगार बहुतेक जुनेच, युनियनही तीच. बदलली ती चालवण्याची रीत. काही चुकतंय असं दिसलं की साधा कामगारही दोरी ओढून लाइन थांबवू शकायचा. दांड्या घटल्या, गाड्या जपानी गाड्यांच्या तोडीच्या निघू लागल्या. मग आधी खोट कुणात होती?

साहेब मंडळी मात्र ट्रकच्या नफ्यावर निवांत झोपली. बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर 1964 पासून 25 टक्के जकात आहे. तीही युरोपशी कोंबडीवरून झालेल्या भांडणातून (थट्टा नाही, खरंच कोंबडीवरून). त्या भिंतीआड पिकअप विकत बसले आणि लहान गाड्या हेळसांडीत गेल्या. 2008 च्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला 4 डॉलरच्या वर गेलं, तेव्हा दाखवायला चांगली लहान गाडीच नव्हती.

आकडेमोड
दोरीची गोष्ट छान आहे. पण 'जॉब्स बँक' सोयीस्कर विसरलात? काम नसलेल्या माणसाला 95 टक्क्यांपर्यंत पगार, आणि त्यानं दिवसभर शब्दकोडी सोडवायची. निवृत्तांच्या औषधपाण्याचा बोजा गाडीमागे हजार डॉलरच्या वर. टोयोटाच्या केंटकीतल्या नव्या कारखान्यावर असं जुनं ओझं नव्हतं. माणसं बसवून ठेवली तरी पगार द्यायचाच, मग गाड्या बनवत राहा आणि सूट देऊन भाड्यानं गाड्या देणाऱ्यांच्या गळ्यात मारा. हा सगळा युनियनशी केलेल्या कराराचा प्रताप.

नोव्हीकर
आणि करारावर दुसरी सही कुणाची होती? युनियनचा पुढारी वॉल्टर रूथर देशभरासाठी आरोग्यविमा मागत होता. तो झाला नाही, म्हणून डॉक्टरचं बिल गाडीच्या किमतीत शिरलं.

तळेगाव_स्टेशन
इथलं, पुण्याजवळच्या तळेगावचं सांगतो. जनरल मोटर्सचा आमच्याकडचा कारखाना 2008 मध्ये सुरू झाला. 2017 च्या अखेरीस त्यांनी देशातली विक्री बंद केली. मग निर्यातीपुरतं चाललं, 2020 च्या डिसेंबरात तेही संपलं. आता तिथे ह्युंदाई. आमच्या पोरांचा पगार डेट्रॉईटच्या पासंगालाही पुरत नव्हता. मजुरी महाग म्हणून कंपनी बुडते म्हणता, मग इथून गाशा का गुंडाळला?

आकडेमोड
कारण पैसे मिळत नव्हते. 2017 मध्येच त्यांनी युरोपातली ओपेल ही आपली मोटार कंपनीही विकली. जिथे तोटा तिथून उठायचं, हे शहाणपण त्यांना दिवाळखोरीनं शिकवलं.

लेऑफवाला
तुम्ही दोघं मेलेल्याचं पोस्टमॉर्टेम करताय. मी तेव्हा एका लहान सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होतो. 2008 च्या नाताळाआधी नारळ मिळाला. घरी मुलगी सहा महिन्यांची आणि व्हिसाचे दिवस मोजतोय. त्यामुळे "बुडू द्यायला हवं होतं" असं कुणी म्हटलं की डोकं फिरतं. फोर्डला सरकारी मदत नको होती, तरी त्यांचा प्रमुख मुलाली वॉशिंग्टनला जाऊन इतरांना वाचवा म्हणाला. का? पुरवठादार सगळ्यांचे तेच. जनरल मोटर्स एकाएकी बंद पडली असती, तर फोर्डची लाइनही थांबली असती.

बुशनं 2008 च्या डिसेंबरात जनरल मोटर्स आणि क्रायस्लरला मिळून 17.4 अब्ज डॉलरचं कर्ज दिलं. ओबामानं त्यात मोठी भर घातली आणि जनरल मोटर्सचे अध्यक्ष वॅगनर यांना घरी पाठवलं. 1 जून 2009 ला दिवाळखोरीचा अर्ज, 10 जुलैला नवी कंपनी उभी. जनरल मोटर्सच्या सौद्यात सरकारचे दहा अब्जांहून जास्त डॉलर गेले, ते मला खटकत नाहीत. खटकतं ते दुसरंच. एकाच लाइनवर जुन्याला तासाला 28 डॉलर आणि नव्याला 14, ही तडजोड 2007 पासून होतीच. पुनर्रचनेत ती आणखी घट्ट झाली.

आकडेमोड
म्हणूनच तर कंपनी वाचली. 2023 च्या संपात युनियननं 25 टक्के वाढ घेतली. बघा आता कामं मेक्सिकोला जातात की नाही.

नोव्हीकर
जॉब्स बँक 2009 लाच गुंडाळली. नवे लोक कमी पगारावर घेतले. तरी 2019 मध्ये ओहायोतला लॉर्ड्सटाउनचा कारखाना बंद केलाच ना?

आकडेमोड
तिथली क्रूझ ही लहान गाडी खपत नव्हती, साहेब. लोकांना एसयूव्ही हव्या होत्या.

लेऑफवाला
म्हणजे 2019 मध्ये गाडी खपली नाही तर दोष गाडीचा, आणि 2008 मध्ये खपली नाही तर दोष कामगाराचा?

आकडेमोड
उद्या सविस्तर लिहितो. आत्ता मीटिंग आहे.