शब्दचर्चा: अल्बेनियन 'अबेतारे'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: अल्बेनियन शिक्षिका पाराश्चेवी चिरियाझी (१८८०–१९७०) यांच्यावरच्या लेखात त्यांच्या १९०९ च्या 'अबेतारे'चा उल्लेख 'अंकलिपी' असा केला तर चालेल का?

प्रतिसाद: नको. अंकलिपीत अंक, पाढे, बाराखडी असं सगळं असतं. अबेतारे म्हणजे अक्षरं ओळखून वाचायला शिकण्याचं पहिलं पुस्तक. अल्बेनियनमध्ये स्वर हे स्वतंत्र अक्षर, त्यामुळे बाराखडी नाहीच. 'शि' (पाऊस) हा शब्द तिथे दोन अक्षरांचा: 'श' आणि 'इ'. 'अक्षरओळख' बरं वाटतं.

प्रतिसाद: 'अक्षरओळख'ला माझं अनुमोदन, पण लेखात संदर्भ द्याच, नाहीतर हे नुसतं बालवाडीचं पुस्तक वाटेल. नोव्हेंबर १९०८ मध्ये मोनास्तिर (आजचं बितोला) इथल्या परिषदेत लिपीचा प्रश्न सोडवायचा होता. तोवर अल्बेनियन कुणी अरबी, कुणी ग्रीक, कुणी लॅटिन, तर कुणी स्वतः रचलेल्या अक्षरांत लिहीत. परिषदेने दोन लिपी मान्य केल्या: सुधारलेली इस्तंबूल लिपी (लॅटिनमध्ये काही खास अक्षरं मिसळलेली) आणि निव्वळ लॅटिन. इस्तंबूल लिपीसाठी छपाईचे खास खिळे ओतावे लागत. लॅटिन परदेशातल्या छापखान्यातही जुळवता येई, तारही करता येई. पुढे तीच टिकली. परिषदेत भाग घेणाऱ्या पाराश्चेवी या एकमेव स्त्री. परिषदेचा निर्णय शाळेत उतरवायला पुस्तक हवं होतं, ते त्यांनी लगेच पुढच्या वर्षी दिलं. माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम हेच.

प्रतिसाद: लिपीत ३६ अक्षरं, ७ स्वर, २९ व्यंजनं. त्यातली ९ व्यंजनं दोन रोमन चिन्हांनी लिहितात, पण त्यांना 'जोडाक्षर' म्हणू नका. जोडाक्षरात दोन ध्वनी असतात, इथे एकच. रोमनमध्ये आपला 'ख' दोन चिन्हांनी लिहितात तसंच. कोशातही त्यांची जागा वेगळी. 'श्कोल' (शाळा) हा शब्द 'स'च्या पानांत शोधला तर मिळत नाही, कारण 'स' पूर्ण संपल्यावर 'श' सुरू होतो.

प्रतिसाद: उच्चारात मराठी माणसाला मोठी सोय आहे. तिथे 'चाक'मधला च आणि 'चित्र'मधला च यांना वेगळी अक्षरं आहेत. 'जहाज'मधला ज आणि 'जीवन'मधला ज यांनाही. आडनावातला पहिला ध्वनी मात्र तालव्य, 'क्य'च्या जवळचा. 'चिरियाझी' ही तडजोड आहे. इंग्रजी कागदपत्रांत 'किरियास' सापडेल, व्यक्ती तीच.

प्रतिसाद: पाराश्चेवींसाठी 'समाजसुधारक' हे मोघम विशेषणही टाळा. थोरला भाऊ ग्येरासिम आणि बहीण सेवास्ती यांनी १८९१ मध्ये कोर्चा इथे मुलींची शाळा काढली. पाराश्चेवी तिथेच शिकवत. १९१७ पासून अमेरिकेत त्यांनी 'इली इ मंग्येसित' (पहाटतारा) हे नियतकालिक चालवलं. 'शिक्षिका आणि संपादक' असं स्पष्ट लिहा. शिक्षिकेसाठी मूळ अल्बेनियन शब्द 'मसुएसे' हाच आहे: शिकवणारी. त्याचं क्रियापद 'मसोय' शिकणे आणि शिकवणे या दोन्हींसाठी वापरतात, म्हणून अनुवादात कर्ता कोण ते आधी तपासा.