शब्दचर्चा: 'वास्तववादी' म्हणजे नीती गुंडाळून ठेवणारा?

प्रश्न: परराष्ट्र धोरणावरच्या लेखांत 'वास्तववादी' हा शब्द 'नीती-अनीतीचं सोयरसुतक नसलेला' अशा अर्थाने येतो. हे बरोबर आहे का? आणि विरुद्ध बाजूच्यांना 'आदर्शवादी' म्हणायचं की 'नैतिकतावादी'?

प्रतिसाद: सोयरसुतक नसलेल्याला 'संधिसाधू' हा शब्द आहेच की. वास्तववाद ही इथे एक विचारपरंपरा आहे (कादंबरीतला वास्तववाद वेगळा). तिचं म्हणणं असं, की राष्ट्रांच्या डोक्यावर कुणी सरकार नाही, तेव्हा ज्याने त्याने आपली सुरक्षितता बघावी. हान्स मॉर्गेनथाऊ हे तिचं मोठं नाव, आणि व्हिएतनाम युद्धाला जाहीर विरोध करणाऱ्यांतही ते होते. सप्टेंबर २००२ मध्ये अमेरिकेतल्या ३३ अभ्यासकांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये जाहिरात दिली, की इराकशी युद्ध अमेरिकेच्या हिताचं नाही. त्यांत मिअरशायमर आणि वॉल्ट हे नावाजलेले वास्तववादी होते. मुक्तीची, लोकशाहीची भाषा युद्ध हवं असणारे बोलत होते!

प्रतिसाद: हे जरा जास्तच गोड झालं. इ.स.पू. ४१६ मध्ये अथेन्स या ग्रीक नगरराज्याने शरण यायला तयार नसलेल्या छोट्या मेलोस बेटाला काय ऐकवलं? बलवान जमेल ते करतात, दुबळ्यांनी सोसायचं. मग पुरुष मारले, बायकामुलं गुलाम केली. थ्युसिडिडीस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराने हे लिहून ठेवलंय आणि वास्तववादी त्यालाच मूळपुरुष मानतात.

प्रतिसाद: मानतात, पण पुढचं पानही वाचा. मेलोसच्या पाठोपाठ तो सिसिलीची मोहीम सांगतो, तिथे अथेन्सचं सैन्य आणि आरमार बुडालं. ताकदीची नशा चढलेल्यांना वास्तववादी म्हणणं मला तरी पटत नाही.

दुसऱ्या शब्दाबद्दल: 'आदर्शवादी' हे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन, पहिल्या महायुद्धानंतर शांतता राखायला स्थापन झालेला राष्ट्रसंघ आणि युद्धच त्याज्य ठरवणारा १९२८ चा करार यांच्यासाठी ठीक. 'नैतिकतावादी' हे बहुतेकदा विरोधकांनी चिकटवलेलं लेबल असतं, त्याला 'उपदेश झोडणारा' असा वास येतो. माणसाला लावतो तीच फूटपट्टी राष्ट्राला लावा म्हणणाऱ्याला सरळ 'नीतिवादी' म्हणावं. मात्र त्यांच्यातही एकमत नसतं. १९९९ मध्ये सुरक्षा परिषदेच्या मंजुरीशिवाय नाटोने कोसोवोतल्या अल्बेनियन लोकांवरचे अत्याचार थांबवण्यासाठी युगोस्लाव्हियावर बॉम्बफेक केली. नंतर एका स्वतंत्र आयोगाने ती 'बेकायदेशीर, पण समर्थनीय' ठरवली. यातला 'पण' काही नीतिवाद्यांना आजही गिळवत नाही, आणि बाकीचे त्यांना १९९४ च्या रवांडाची आठवण करून देतात, जिथे नरसंहार होत असताना जगाने तो थांबवला नाही.