मध्यवर्ती बँकांनी आपला पसारा आवरता घ्यावा का?

चक्रवाढ:
माझं मत, घ्यावा. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने आपल्या मध्यवर्ती बँकेला एकच काम नेमून दिलं: किमती स्थिर ठेवणं. पुढे अनेक देशांनी तोच कित्ता गिरवला. मग २००८ चं संकट आलं आणि मध्यवर्ती बँका रोखे खरेदीत उतरल्या. अमेरिकेच्या फेडचा, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचा, ताळेबंद संकटाआधी एक लाख कोटी डॉलरच्या आत होता, २०२२ मध्ये तो नऊ लाख कोटींच्या घरात पोचला. एवढी खरेदी झाली की मालमत्तेचे भाव चढतात आणि ज्याच्याकडे ती आधीच आहे त्याचं फावतं. कोणाचं भलं करायचं हे निवडून न आलेल्या लोकांनी का ठरवावं?

मुद्दल:
साफ असहमत. १९३० नंतर फेडने हात आखडता घेतला, हजारो बँका बुडाल्या, बेकारी शिगेला गेली. झळ मालमत्ता नसलेल्यांनाच जास्त बसली.
ब्रिटनचं ताजं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारने कर्ज काढून करकपात जाहीर केली आणि दीर्घ मुदतीचे सरकारी रोखे गडगडले. हे रोखे तारण ठेवून कर्ज घेतलेल्या पेन्शन फंडांकडे जादा तारण मागितलं गेलं. ते भागवायला त्यांनी रोखेच विकायला काढले, त्यामुळे भाव आणखी पडले, म्हणजे पुन्हा तारण. बँक ऑफ इंग्लंडने मध्ये पडून रोखे विकत घेतले नसते तर हे चक्र थांबवणार कोण?

चक्रवाढ:
हे उदाहरण तर माझ्या बाजूचं आहे! २८ सप्टेंबरला खरेदी सुरू, १४ ऑक्टोबरला बंद, एकूण सुमारे १९ अब्ज पौंड, आणि काही महिन्यांत ते रोखे विकूनही टाकले. अशा कामाला माझा विरोध नाही. बँक ऑफ जपान २०१० पासून शेअर बाजारातले फंड घेत राहिली, नवी खरेदी २०२४ मध्ये थांबली. त्याला संकटकाळ कसं म्हणायचं?

तळटीप:
तुम्ही दोघंही सरकारला विसरताय. तुर्कस्तानात अध्यक्षांनी मध्यवर्ती बँकेचे एकामागून एक गव्हर्नर काढले, महागाई चढत असताना व्याजदर उतरवायला लावले. २०२२ मध्ये सरकारी आकड्यानुसारच महागाई ८५ टक्क्यांवर गेली. मार्च २०२४ पर्यंत व्याजदर ५० टक्क्यांवर न्यावा लागला. त्या बँकेचं काम कागदावर किती आटोपशीर होतं, याने काही फरक पडला का? सरकारांची कर्जं वाढतायत, तसा व्याजदर खाली ठेवण्याचा दबाव सगळीकडे वाढणार. गव्हर्नरला मुदतीआधी हटवणं अवघड करा, भांडायचं तर त्यासाठी भांडा.

चक्रवाढ:
मान्य, पण बँक स्वतःच सरकारी कर्जाची सर्वात मोठी खरेदीदार झाली की दबावाला आयतं निमित्त मिळतं. म्हणून खरेदीला कायद्यानेच मुदत आणि कमाल रक्कम हवी.

मुद्दल:
मुदत संपली की संसदेत येऊन कारणं द्यावीत, इथपर्यंत मी यायला तयार आहे. रकमेला मात्र नाही. ब्रिटनमध्ये रोजच्या खरेदीची मर्यादा पाच अब्जांवरून मध्येच दहा अब्ज करावी लागली होती. ती कायद्यात असती तर त्या आठवड्यात कायदा बदलत बसायचं का?