मदत हवी आहे: घराचा 'नकाशा' काढायचाय, सासूबाईंची रेघ कशी काढू?

पोळपाट:

जाणकारांनी जरा मार्ग दाखवा. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मुलगा सात वर्षांचा, थॅलेसेमिया मेजर (रक्ताचा आनुवंशिक आजार, अंगात पुरेसं रक्त तयार होत नाही). नऊ महिन्यांचा असल्यापासून रक्त चालू आहे. दर २१ दिवसांनी संगमनेरहून पहाटेची एसटी धरून नाशिकला जायचं, दिवसभर डे केअरला रक्त चढवायचं, रात्री परत. गेल्या खेपेला तिथल्या सोशल वर्कर ताईंनी एक कागद दिला. मध्ये मोठा गोल, त्यात आम्ही चौघं. भोवती छोटे गोल आपण काढायचे: शाळा, माहेर, ह्यांचं दुकान, शेजार, रक्तपेढी, जे असेल ते. मग जोडायचं. भक्कम आधार असेल तर जाड रेघ, नावापुरता असेल तर तुटक, आणि जिथून ताण येतो तिथे रेघेवर आडवे काटे. पुढच्या खेपेला घेऊन या म्हणाल्या.

वाटलं, दहा मिनिटांचं काम. तीन रात्री झाल्या, कागद गव्हाच्या डब्यावर पडून आहे.

शाळा सोपी होती, तुटक. बाई चांगल्या आहेत, पण पोरगं दमलं की त्यांना 'नाटक' वाटतं. रक्तपेढीला जाड रेघ काढली, मग मे महिना आठवला. कॉलेजं बंद, शिबिरं नाहीत, आणि आम्ही 'पिशवी आहे का' म्हणून फोन करत बसलेलो. तिथे दोन काटे मारले.

अडलं सासूबाईंपाशी. त्या मोठ्या दिरांकडे, दोन गल्ल्या पलीकडे राहतात. पहिल्या वर्षी कुणाला न विचारता पाटल्या मोडून पैसे आणून दिले. आजही खेपेच्या दिवशी साडेचारला डबा घेऊन दारात उभ्या. आणि ह्याच बाई पोराच्या खिशात गुपचूप गूळ-खजूर घालतात, 'रक्त वाढायला'! रक्ताच्या एकेका पिशवीतून २०० मिलिग्रॅमच्या वर लोह अंगात जातं, ते बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. म्हणून मी रोज उपाशीपोटी डिफेरासिरॉक्स (लोह बाहेर काढायचं औषध) पाण्यात विरघळवून त्याच्या मागे फिरते. मागचं फेरिटिन (अंगात साठलेलं लोह दाखवणारी रक्ततपासणी) ३,२०० आलं, म्हणजे खूपच जास्त. वर पाहुण्यांसमोर, "आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं." अहो, आम्ही दोघंही मायनर (स्वतःला त्रास नाही, पण आजाराचे वाहक) आहोत, रिपोर्ट कपाटात आहे!

तर ही रेघ जाड की काटेरी? आणि हा कागद बघून आर्थिक मदत ठरवतात का? तसं असेल तर जाड रेघा कमी दाखवलेल्या बऱ्या, असं ह्यांचं म्हणणं.

केसपेपर:

ताई, मी हेच काम करते (वेगळ्या शहरात). या आकृतीला इकोमॅप म्हणतात. अमेरिकेत ॲन हार्टमन नावाच्या समाजकार्याच्या प्राध्यापिकेने १९७५ च्या सुमारास बालकल्याणाच्या कामासाठी ती तयार केली. एका माणसाला एकच रेघ, असा नियम नाही. सासूबाईंना दोन काढा, एक जाड, एक काटेरी. शिवाय बाण दाखवा, म्हणजे शक्ती कुठून कुठे जाते ते कळतं. डब्याचा बाण तुमच्याकडे येतोय. टोमणा गिळून गप्प बसता, तो बाण तुमच्याकडून बाहेर जातोय.

पैशाच्या मदतीचे कागद वेगळे असतात, उत्पन्नाचा दाखला वगैरे. आमच्याकडे तरी या कागदावरून कुणाची मदत कापत नाहीत. ह्यांना सांगा, खरं काढू दे.

आणि गुळाचं म्हणाल तर पिशवीतल्या लोहापुढे तो किरकोळ. डॉक्टर जपा म्हणतात ते बरोबरच, पण काटे गुळाचे आहेत की 'आमच्या घराण्यात'चे, ते एकदा बघा.

चहाबाज:

माझी मुलगी आता २२ वर्षांची, तोच आजार. आम्हालाही असा फॉर्म दिला होता, मी सगळीकडे 'होय, आधार आहे' लिहून आलो. चारशे माणसांचा गोतावळा, लग्नाला सगळे हजर. मग बायको म्हणाली, रात्री दोनला ताप १०३ झाला तर यातल्या कुणाच्या दाराची कडी वाजवशील? दोन नावं निघाली. एक तर रिक्षावाला.

बाय द वे, २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आहे. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर काढून ठेवा.

डोंगरवाट:

सासूबाईंना एकदा डे केअरला न्या. बाकी बोलायची गरज नाही.

पोळपाट:

सगळ्यांचे आभार. @डोंगरवाट, नेलं. सहा तास स्टुलावर बसून होत्या. सिस्टरने सुई लावताना दोनदा शीर चुकली, तेव्हा पोरगं रडलं नाही, त्या रडल्या. डॉक्टरांनी दोघांचे रिपोर्ट समोर ठेवून समजावलं, की मायनर आई आणि बाप दोघंही, दर खेपेला चारात एक शक्यता. परतीच्या एसटीत सिन्नरपर्यंत गप्प. मग एवढंच, "खजूर मीच खाते आता."

घराण्याबद्दल अजून काही बोलल्या नाहीत. काटे खोडलेले नाहीत, पण दोन रेघा काढल्या.

आता नवीन अडचण. कागद काढत होते तेव्हा मोठी (११ वर्षं) शेजारी बसून बघत होती. मागच्या वर्षी तिचं एचएलए तपासलं होतं (तिचा बोनमॅरो, म्हणजे अस्थिमज्जा, भावाला चालेल का ते बघायला). मॅच झालं असतं तर कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून बोनमॅरो प्रत्यारोपणासाठी १० लाखांपर्यंत मदत होते, म्हणून आम्ही आशेवर होतो. जमलं नाही. आम्ही तिला एका शब्दाने काही म्हटलं नाही. तिने पेन घेतलं, मधल्या गोलातून स्वतःचं नाव खोडलं आणि बाहेर, शाळेशेजारी छोटा गोल काढून त्यात लिहिलं. भावाकडे तुटक रेघ.

@केसपेपर, हा कागद असाच ताईंना देऊ का? की आधी तिच्याशी बोलू? आणि बोलायची सुरुवात कशी करतात?